बागेश्वरची संक्रांत

वसंत व्याख्यानमालेत हिवाळ्याचा विषय, आणि तोही कामोठ्यासारख्या खाडीकाठच्या गावी, जिथे पौषातली थंडी चार दिवसांची पाहुणी असते, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. पण ज्या दिवशी आपण एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवतो, त्याच दिवशी हिमालयाच्या कुशीतही एक उत्सव होतो. आणि १९२१ साली त्या उत्सवाने जे केले, ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

उत्सवाला दोन गोष्टी लागतात : घरात धान्य आणि हाती सवड. आपल्या आगरी मुलखात भाताची मळणी आटोपली, की जत्रांचे वेध लागतात ते यामुळेच. हिमालयात ही सवड बर्फ देते. खिंडी बुजतात, शेते झाकली जातात, आणि माणूस चुलीपाशी येऊन बसतो. लडाखी लोकांचे नववर्ष, लोसर, ऐन थंडीत येते. सतराव्या शतकातील राजा जाम्यांग नामग्याल याला बाल्टिस्तानवर स्वारी करावयाची होती. म्हणून त्याने हा सण दोन महिने आधीच उरकला, आणि तीच वहिवाट पुढे चालू राहिली, अशी तेथील परंपरा आहे. राजाने सण हलविल्याची ही कथा. प्रजेने सणाच्या बळावर राजसत्ता हलविल्याची कथा कुमाऊंची आहे.

कुमाऊं म्हणजे आजच्या उत्तराखंडाचा पूर्व भाग. तेथील पंत घराणी आपले मूळ कोकणात सांगतात, तेव्हा हा मुलूख आपल्याला अगदीच परका नव्हे. मकरसंक्रांतीला तेथे ‘घुघुतिया’ म्हणतात. कणीक गुळाच्या पाण्यात भिजवून तिचे नाना आकार तळतात, त्यांच्या माळा मुलांच्या गळ्यात घालतात, आणि मुले पहाटे कावळ्यांना हाका मारून तो खाऊ देऊ करतात. कावळ्याची आठवण आपल्याला पिंडदानाच्या वेळी होते. तेथे तो मुलांचा सोबती होतो!

याच दिवशी सरयू आणि गोमती यांच्या संगमावर, बागनाथाच्या देवळापाशी, बागेश्वरची उत्तरायणी जत्रा भरते. तिच्यामागे व्यापाराचे गणित होते. भोटिया व्यापारी उन्हाळ्यात उंच खिंडी ओलांडून तिबेटात जात. तेथून मीठ, लोकर, टाकणखार आणीत. वर बर्फ पडू लागले, की ते मेंढरांसह खालच्या खोऱ्यांत उतरत. डोंगरचा माल आणि खोऱ्यातले धान्य यांची गाठ संक्रांतीला संगमावर पडे. म्हणजे ज्या प्रदेशात एरवी एका गावाची बातमी दुसऱ्या गावाला आठवडाभर कळू नये, तेथे वर्षातून एकदा सारा मुलूख एकत्र जमे.

या मुलखाच्या मानेवर एक जू होते. ते ‘कुली-बेगार’चे. साहेब दौऱ्यावर किंवा शिकारीला निघाला, की त्याचे सामान गावकऱ्यांनी पाठीवर वाहून न्यावयाचे. मुक्कामावर दूध, धान्य, लाकूड पुरवावयाचे. पेरणी असो की घरात आजारी माणूस असो, पाळी चुकत नसे. कोणाची पाळी केव्हा, हे गावप्रमुखाच्या वहीत लिहिलेले असे. ही रीत इंग्रजांपूर्वीची खरी. पण १८१५ साली कुमाऊं त्यांच्या ताब्यात गेल्यावर तिला कचेरीची शिस्त आली. पुढे राखीव जंगलांचे निर्बंध आले आणि चारा-सरपणही महागले. १९३० साली २५ सप्टेंबरला आपल्या शेजारच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला; त्या भागाला हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. कुमाऊंची मंडळी तेथे आली आणि त्यांनी गांधीजींपुढे हे गाऱ्हाणे मांडले. गांधीजींना लगेच जाणे जमले नाही. मग ‘शक्ति’ साप्ताहिकाचे संपादक बदरीदत्त पांडे, हरगोविंद पंत आणि चिरंजीलाल यांनी ठरविले, की सभेसाठी वेगळी गर्दी कशाला जमवावयाची ? गर्दी तर उत्तरायणीला आयतीच जमते.

१९२१ च्या संक्रांतीला हजारो लोकांनी सरयूचे पाणी हाती घेऊन शपथ वाहिली, की यापुढे बेगार करणार नाही. गावोगावच्या प्रमुखांनी त्या वह्या आणल्या आणि संगमात सोडून दिल्या. जिल्ह्याचा इंग्रज अधिकारी पोलिसांसह तेथे हजर होता. पण एवढ्या जनसमुदायापुढे त्याचे काही चालले नाही. गोळी झडली नाही, रक्त सांडले नाही, आणि बेगारीची रीत मोडली. पांड्यांना लोक ‘कूर्मांचल केसरी’ म्हणू लागले. १९२९ साली गांधीजी स्वतः बागेश्वरला जाऊन आले.

यातून घ्यावयाचे ते इतकेच. शपथ नदीच्या पाण्याची होती, दिवस पर्वाचा होता, साक्षीला ग्रामदैवत होते. म्हणून ती मोडण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. नुसत्या राजकीय सभेतला ठराव डोंगरातल्या शेतकऱ्याला इतका बांधून ठेवता ना. उत्सव माणसे जमवितो, ओळख देतो, दिल्या शब्दाला वजन आणतो. त्या शक्तीचा उपयोग रोषणाईपुरता करावयाचा की खांद्यावरचे ओझे उतरविण्यासाठी, हे जमलेल्या माणसांवर असते. कामोठ्यात आज नाना जिल्ह्यांतली, नाना प्रांतांतली कुटुंबे एका जिन्याने चढतात-उतरतात. पुढच्या संक्रांतीला तिळगूळ देताना शेजारचे कुटुंब कुमाऊंचे निघाले, तर त्यांना बागेश्वरची हकीकत अवश्य विचारावी.