सिडनीचा लोहमार्ग : दूरदृष्टी आणि श्रम

महानगराचा खरा इतिहास त्याच्या प्रासादांपेक्षा त्याच्या लोहमार्गांत अधिक स्पष्ट वाचावयास मिळतो. सिडनी नगर हे याचे उत्तम उदाहरण होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी उपनगरांतून येणाऱ्या आगगाड्या सेंट्रल स्थानकापाशीच थांबत. तेथून बंदराकडे जाण्यास उतारूंना मुख्यतः ट्रामचाच आधार असे. ही अडचण दूर करण्यासाठी जॉन ब्रॅडफील्ड या अभियंत्याने 1915 साली विद्युत्-रेल्वेची विस्तृत योजना सादर केली. महायुद्धामुळे काम रखडले. अखेर मार्च 1926 मध्ये सिडनीत विजेची पहिली गाडी धावली, आणि त्याच डिसेंबरात म्यूझियम व सेंट जेम्स ही भुयारी स्थानके खुली झाली. मुंबईहून कुर्ल्यास विजेची गाडी अवघे एक वर्ष आधी, 3 फेब्रुवारी 1925 रोजी, सुरू झाली होती.

1932 साली हार्बर पूल पुरा होऊन लोहमार्ग उत्तर तीरास भिडला. या कामी 16 मजुरांनी प्राण वेचले. वाटेतील शेकडो घरे पाडली गेली, आणि तेथील भाडेकरूंना भरपाई मिळाली नाही. पुलाचे श्रेय अभियंत्यांस लाभले, ते योग्यच. परंतु ज्यांच्या आजापणज्यांची ओळख मळ्याच्या वहीतील एका क्रमांकापुरती उरली, त्या आपणांस या अनाम श्रमिकांचे विस्मरण होता कामा नये.

1956 साली सर्क्युलर की स्थानक उघडून नगराचे रेल्वे-वर्तुळ पूर्ण झाले. त्याच वर्षी मॉरिशसमध्ये, 1864 पासून धावणारी उतारूंची आगगाडी बंद पडली! सिडनीनेही 1958 साली पुलावरील ट्रामचे रूळ उखडून ती जागा मोटारींस दिली. रूळ उखडणे सोपे, पुन्हा अंथरणे महाग. मॉरिशसमध्ये नवी मेट्रो 2019 साली अवतरली; त्याच वर्षी सिडनीच्या वायव्येस चालकाविना धावणारी मेट्रो सुरू झाली, आणि ऑगस्ट 2024 मध्ये ती बंदराच्या तळाखालून सिडनहॅमपर्यंत पोहोचली.

ब्रॅडफील्डने सेंट जेम्स येथे पुढील विस्तारासाठी खोदविलेली काही भुयारे मात्र रिकामीच राहिली. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा हवाई हल्ल्यापासून आश्रयस्थान म्हणून उपयोग झाला. ती भुयारे आपणांस एकच गोष्ट शिकवितात. एका पिढीने दूरवर पाहिले, तरी पुढच्या पिढीने त्या दृष्टीस हात दिला पाहिजे; अन्यथा पूर्वजांचे श्रम अंधारात पडून राहतात. हे जसे लोहमार्गाविषयी खरे, तसेच भाषा आणि संस्कृती यांविषयीही खरे आहे.