झाकण बंद, तरी यंत्र बंद

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेला जोडून एक लहानसे वर्कशॉप होते. तेथे लाकडावर कोरीव काम करणारे, संगणकाच्या आज्ञेवर चालणारे एक यंत्र होते. त्यावर पारदर्शक प्लास्टिकचे झाकण होते. झाकण लावले की कडेचा एक छोटा स्विच दाबला जाई आणि मगच कोरणारे पाते फिरू लागे. एके दिवशी झाकण व्यवस्थित लावलेले असूनही 'झाकण उघडे आहे' असा संदेश दाखवून यंत्र अडून बसले. एका विद्यार्थ्याच्या उपकरणासाठी लाकडी चौकट शनिवारपर्यंत हवी होती. आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, स्विच गेलाय. तात्पुरती तार टाकून जोडून देतो." मी म्हणालो, "द्या. नवा स्विच आला की बदलू."

चौकट वेळेवर तयार झाली. तार मात्र तशीच राहिली. तिसऱ्या आठवड्यात दुपारच्या पाळीतल्या एका सहायकाने अडकलेली ढलपी काढण्यासाठी झाकण उघडले. झाकण उघडले की पाते थांबते, ही त्याच्या हाताची रोजची सवय होती. त्या दिवशी पाते थांबले नाही. तर्जनीला सहा टाके पडले. बोट वाचले हे नशीब. तार टाकलेली आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

नंतर खोलून पाहिले तेव्हा स्विच ठणठणीत निघाला. बिजागरीपाशी सतत वाकून वाकून वायरच्या आतली तांब्याची तार तुटली होती. अर्ध्या तासाचे काम होते. म्हणजे यंत्र खोटे बोलत नव्हते. झाकणाची खात्रीची खबर आपल्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून थांबायचे, एवढेच ते करत होते. बिघडताना थांबण्याच्या बाजूने बिघडायचे, ही युक्ती आज साधी वाटते. पण ती माणसाला सुचायला वेळ लागला, आणि तिची किंमतही मोजावी लागली. त्यासाठी आपल्याला लाकडापासून थोडे दूर, रेल्वेच्या रुळांवर जावे लागेल.

बर्फात अडकलेला सिग्नल

२१ जानेवारी १८७६. इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला ॲबट्स रिप्टन नावाचे स्थानक होते. त्या संध्याकाळी तेथे जोराचे हिमवादळ चालू होते. कोळशाची एक मालगाडी मुख्य मार्गावरून बाजूच्या रुळावर घेतली जात होती. मागून स्कॉटलंडहून लंडनकडे जाणारी जलद गाडी येत होती. तिला थांबवण्यासाठी केबिनमधल्या माणसांनी सिग्नलचे खटके 'धोका' या स्थितीत टाकले होते. तरीही गाडी वेगात आली आणि मालगाडीवर आदळली. थोड्याच वेळात विरुद्ध दिशेने, लंडनहून येणारी दुसरी जलद गाडी त्या ढिगाऱ्यावर येऊन धडकली. डझनाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले.

चौकशीत कारण उघड झाले. त्या काळी तेथील सिग्नलची नेहमीची स्थिती 'मार्ग मोकळा' ही असे. मोकळा मार्ग दाखवताना सिग्नलचा हात खांबातल्या खाचेत शिरून बसे. गाडी थांबवायची असेल तेव्हाच तो बाहेर काढायचा. त्या दिवशी खाचेत बर्फ गोठला, तारांवरही बर्फाचे ओझे साचले. खटका हलला, पण हात खाचेतच राहिला. ड्रायव्हरला दिसला तो 'मार्ग मोकळा' असा निरोप. कोणीही न दिलेला!

या अपघातानंतर दोन बदल झाले. सिग्नलचा हात खाचेतून काढून खांबाच्या बाहेर, मोकळेपणी हलेल असा बसवला गेला. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा: सिग्नलची नेहमीची स्थिती 'धोका' ही ठरली. मार्ग मोकळा आहे असे सांगण्यासाठी मुद्दाम काही करावे लागेल; काहीच केले नाही तर गाडी थांबलीच पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या स्थानकांवरचे हाताचे सिग्नल पाहिलेल्या वाचकांना आठवेल की तार ओढली की हात खाली झुके. तार तुटली, तर वजनाच्या जोरावर तो आपोआप आडवा, म्हणजे धोक्याच्या स्थितीत येई.

उलटा केलेला परिपथ

हीच कल्पना विजेच्या भाषेत मांडली ती अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी. रुळांच्या एखाद्या तुकड्यावर गाडी उभी आहे की नाही, हे विजेने कळावे असा त्यांचा प्रयत्न होता. १८७० च्या सुमारास त्यांनी केलेल्या पहिल्या मांडणीत परिपथ एरवी खुला असे. गाडी आली की तो पूर्ण होऊन सिग्नल धोका दाखवी. यातला दोष त्यांच्याच लक्षात आला. तार तुटली किंवा बॅटरी संपली, तर गाडी समोर उभी असतानाही सिग्नल 'मोकळा' दाखवणार!

मग त्यांनी मांडणी उलटी केली आणि १८७२ साली तिचे पेटंट घेतले. रुळाच्या तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारा स्विच. दोन्ही रुळांमधून सतत प्रवाह वाहतो आणि रिलेला ओढून धरतो. हा प्रवाह चालू असेल तोवरच सिग्नल मोकळा. गाडी आली की तिची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह तिकडून वळतो, रिले सुटतो आणि सिग्नल धोका दाखवतो. बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळच मोडला तरी परिणाम तोच. न बोलण्याचा अर्थ 'सारे ठीक' असा न लावता 'धोका' असा लावायचा, हे या परिपथाचे सार आहे.

लाकूडकामाच्या यंत्राचे झाकण

आता पुन्हा लाकडाकडे वळू. लाकूड कोरणारी यंत्रे काही आजची नाहीत. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्ड यांनी १८१९-२० च्या सुमारास नमुन्याबरहुकूम बंदुकीचे लाकडी दस्ते कापणारे यंत्र बनवले. इंग्लंडमध्ये टॉमस जॉर्डन यांनी १८४५ साली कोरीव कामाच्या यंत्राचे पेटंट घेतले. आगीनंतर नव्याने उभ्या राहणाऱ्या ब्रिटिश संसद भवनाच्या लाकडी नक्षीसाठी ते यंत्र वापरले गेले. दोन्ही यंत्रांत एक भाग नमुन्यावरून फिरे आणि त्याच्याबरोबर हलणारे पाते लाकूड कापी. आज त्या नमुन्याची जागा संगणकातल्या आकड्यांनी घेतली आहे. फिरते पाते मात्र तेच आहे.

कारखान्यांतील यंत्रांना कुंपण हवे, हे ब्रिटनच्या १८४४ च्या कायद्याने कापडगिरण्यांसाठी सांगितले. भारतातही १९४८ च्या कारखाने अधिनियमाने धोक्याचे भाग भक्कम आवरणाने झाकण्याची सक्ती केली आणि सुरक्षेच्या साधनात कामगाराने जाणूनबुजून ढवळाढवळ करू नये असेही बजावले. पण कोरणाऱ्या यंत्राचे आवरण कायमचे बंद ठेवता येत नाही. दर खेपेला लाकूड बदलावे लागते. म्हणून झाकण आणि वीज यांची सांगड घालावी लागते.

ती सोपी झाली छोट्या, झटक्याने उलटणाऱ्या स्विचमुळे. अमेरिकेत फ्रीपोर्ट येथे मॅकगॉल यांनी १९३२ साली असा स्विच तयार केला. त्यातली स्प्रिंगची पट्टी कळ केसभर दाबली तरी एकदम उलटते. धुलाई यंत्रापासून मायक्रोवेव्ह भट्टीपर्यंत अनेक उपकरणांच्या झाकणामागे याच घराण्यातले स्विच असतात. झाकण लागले की परिपथ पूर्ण होतो, वायर तुटली की यंत्र थांबते. रॉबिन्सन यांचाच धडा!

तारेचा तुकडा

पण एक फरक आहे, आणि आमची चूक नेमकी तेथेच झाली. रेल्वेत दोन रूळ तारेने जोडले तर सिग्नल धोका दाखवतो, कारण गाडी स्वतःच तशी जोडणी असते. झाकणाच्या स्विचची दोन टोके तारेने जोडली, तर यंत्राला वाटते की झाकण लागलेले आहे. तुटण्यापासून हा परिपथ आपल्याला वाचवतो, जोडण्यापासून नाही. म्हणून चांगल्या यंत्रांत एकाऐवजी दोन स्विच असतात. काही ठिकाणी एक झाकण लागल्यावर जुळणारा आणि दुसरा त्याच वेळी सुटणारा असतो. दोघांची साक्ष जुळली नाही तर यंत्र चालत नाही.

तरीही मोह सुटत नाही. जर्मनीत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत धातुकामाच्या यंत्रांवरील सुमारे ३७ टक्के सुरक्षा साधने कायमची किंवा तात्पुरती निकामी केलेली आढळली. कधी हा मोह आराखडा करणाऱ्यांनाही होतो. कर्करोगावरील किरणोपचाराच्या थेराक-२५ या यंत्रात आधीच्या नमुन्यांमधले स्वतंत्र विद्युत-यांत्रिक अटकाव काढून सारी भिस्त संगणकाच्या प्रोग्रॅमवर ठेवली गेली. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना किरणांची प्रचंड मात्रा बसली आणि काहींचा त्यात मृत्यू झाला. प्रोग्रॅममधली तशीच चूक आधीच्या थेराक-२० मध्येही होती. तेथे मात्र अटकाव जागेवर असल्याने कोणाला इजा झाली नव्हती.

दोष शोधावा कसा?

यंत्र अडले की प्रथम प्लग काढावा. स्विचभोवतीचा भुसा ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढावा. हवेचा झोत मारला तर तो आत शिरतो. झाकण वाकल्यामुळे कळ पुरती दाबली जात नाही ना, हे पाहावे. मग स्विचच्या वायर सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. कळ दाबल्यावर तो जवळजवळ शून्य आणि सोडल्यावर अनंत आला पाहिजे. स्विच चांगला असेल तर वायर पुन्हा जोडून, झाकण लावून वायरच्या दुसऱ्या टोकाला मोजावे आणि वायर हळूहळू वाकवून पाहावी. काटा किंवा आकडा उड्या मारू लागला, की वायर आत तुटली आहे असे समजावे. आमची वायर अशीच सापडली.

याच्या उलट दोष अधिक वाईट. भुशाने कळ आतच रुतली किंवा स्विचमधले संपर्क चिकटून बसले, तर झाकण उघडले तरी यंत्र चालूच राहते. अशा बिघाडाबद्दल कोणीच तक्रार करत नाही, कारण काम थांबत नाही! म्हणून आठवड्यातून एकदा, पाते काढून ठेवून यंत्र सुरू करावे, झाकण उघडावे आणि ते थांबते याची खात्री करावी. आमच्याकडे ही तपासणी त्या सहा टाक्यांनंतर सुरू झाली. यंत्राजवळच्या वहीत तपासणाऱ्याची सही असते. वहीच्या पहिल्या पानावर तारेची हकिकत लिहिली आहे, परवानगी देणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, नावासह.

वर्गात हा धडा दोन टॉर्चचे बल्ब, सेल आणि दोन स्विच यांत शिकवता येतो. पहिल्या परिपथात 'दिवा लागला म्हणजे धोका' आणि दुसऱ्यात 'दिवा लागला म्हणजे सुरक्षित' असे ठरवा. मुलांची पाठ असताना दोन्हींतली एकेक वायर हळूच सोडवा आणि विचारा, "आता कोणता दिवा काय सांगतो आहे?" पुढे सेल संपलेला लावा, बल्ब सैल करा आणि पुन्हा विचारा. शेवटी स्विचवर तार टाका. दोन्ही परिपथ काय सांगतात, ते मुलांनाच लिहून काढू द्या.