वेसाव्याचा तट आणि साष्टीचं राजकारण

मढच्या टोकाला, मालाडच्या खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे. गाव मढचं, पण किल्ल्याला नाव मिळालं पलीकडच्या वेसाव्याचं. चित्रपटांमुळे त्याचा चेहरा अनेकांना ओळखीचा आहे. अठराव्या शतकात मात्र इथल्या तटावरचं निशाण दोनदा बदललं, आणि त्या दोन वेळांच्या मधल्या ३५ वर्षांत मराठ्यांच्या परराष्ट्र धोरणाचं बळही दिसतं आणि उणीवही.

१७३९ च्या सुरुवातीला चिमाजी अप्पांच्या फौजेने वेसावे घेतलं. ठाण्यासह मुंबईच्या उत्तरेकडच्या साष्टी बेटाचा मोठा भाग १७३७ मध्येच हाती आला होता, उरली होती वसई. त्याच सुमारास नादिरशहा दिल्लीवर चालून आला. थोरल्या बाजीरावांना उत्तरेकडे फौज हवी होती, पण ती वसईच्या वेढ्यात अडकलेली. अप्पांनी वेढा उठवला नाही. मे महिन्यात वसई शरण आली, तेव्हा पोर्तुगीजांना सन्मानाने बाहेर पडू दिलं गेलं. हा संयम त्या विजयाइतकाच मोठा होता.

मुंबईत इंग्रज हे सगळं श्वास रोखून पाहत होते. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या तहातून, १६६१ मध्ये, मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली होती. त्याच नात्याने पोर्तुगीज मदत मागत होते. इंग्रजांनी वसईला १५ हजार रुपये कर्जाऊ दिले, तेही चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून. वसई पडताच त्यांनी दोन माणसं दोन दिशांना धाडली. कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे तहाची बोलणी करायला गेला आणि कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला शाहू महाराजांच्या दरबारी. पेशव्यांच्या विरोधात कोण आहे, हे हेरण्याचं कामही गॉर्डनवर सोपवलेलं होतं. जुलैमध्ये तह झाला आणि इंग्रजांना मराठी मुलखात व्यापाराची मोकळीक मिळाली. तरी मुंबईकरांची धास्ती गेली नाही. शहराभोवती खंदक खणायला व्यापाऱ्यांनी ३० हजार रुपये वर्गणी दिली.

साष्टीत मराठ्यांनी जमीन कमावली. समुद्राचं काय?

तिथे आंग्र्यांचं आरमार होतं. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, आणि नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्या बंदोबस्तासाठी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गासमोर आंग्र्यांची गलबतं जाळली. घरातला तंटा मिटवण्यासाठी बाहेरच्याला दारात उभं केलं गेलं, आणि या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकणारं सर्वांत समर्थ मराठी आरमार राखेला मिळालं. पेशव्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत महागडी चूक म्हणावी लागेल. तुळाजींची अरेरावी खरी होती, पण तिच्यावरचा हा इलाज रोगापेक्षा जीवघेणा ठरला.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पुणे दुभंगलं. पुढच्याच वर्षी साष्टी परत घेण्यासाठी पोर्तुगीज आरमार येतंय, अशी खबर मुंबईत पोहोचली. ते येण्याआधीच इंग्रजांनी झडप घातली. १७७४ च्या अखेरीस ठाणं पडलं, त्याच मोहिमेत वेसावेही गेलं. पेशवेपदासाठी इंग्रजांची मदत मागणाऱ्या रघुनाथरावांनी साष्टी देण्याचं कबूल केलं ते नंतर, मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो तह नामंजूर केला आणि १७७६ मध्ये पुरंदरला नवा केला. साष्टी मात्र दोन्ही तहांत इंग्रजांकडेच राहिली.

मग युद्ध झालं. वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणलं, पुढे इंग्रजांनी वसई जिंकली. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, त्यात वसई परत मिळाली. साष्टी मिळाली नाही, आणि मढच्या तटावर मराठ्यांचं निशाण पुन्हा चढलं नाही.

याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी, थोरल्या बाजीरावांच्या नातवाने, इंग्रजांशी तह केला. इंग्रजांना न विचारता दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत, हे त्यातलं एक कलम होतं.