घाट चढून आलेली माणसे

सह्याद्रीत भैरवगड नावाचे किल्ले एकाहून अधिक आहेत. मोरोशीचा भैरवगड माळशेज घाटाच्या पायथ्याशी कातळाची उभी भिंत होऊन बसला आहे. अकोले तालुक्यात शिरपुंज्याचा भैरवगड आहे, कोयनेकडे हेळवाकच्या रानात आणखी एक आहे. यात नवल नाही. शिवेवर आणि घाटवाटेवर राखण करणारा देव म्हणजे भैरव, आपल्या आजी-पणजींचा भैरोबा.

आपला उज्जैनचा भैरवगढ मात्र क्षिप्रेच्या काठी सपाटीवर आहे. तिथे चढायला काही नाही. छिप्यांची वाळत घातलेली छापील कापडे, काळभैरवाचे देऊळ, जवळच सिद्धवट. हे स्थान मराठ्यांनी वसवलेले नाही. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात काळभैरव आहेच. तरी देवाच्या मस्तकावर शिंदे घराण्याची पगडी चढते, आणि त्या परंपरेचे नाते आपण महादजींशी जोडतो. मला नेहमी वाटते, की दूरचे घाट ओलांडून आलेल्या माणसांना इथे एक ओळखीचा राखणदार भेटला असावा. याला कागदाचा पुरावा मागू नका. हे माझे वाटणे आहे.

पण ते घाट कोणते? हा प्रश्न मात्र कागदाचा आहे, आणि तुमच्या-माझ्या घरातल्या कागदांत त्याचे उत्तर सहसा मिळत नाही. कोणताही कुलवृत्तांत उघडा. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, आणि मग एक वाक्य: ‘मूळ पुरुष राणोजी शिंद्यांबरोबर माळव्यात आले.’ पुढच्या ओळीला सनद, वाडा, इनाम सुरू. त्या ‘आले’ या एका क्रियापदात पुण्यापासून उज्जैनपर्यंतची सुमारे साडेसहाशे किलोमीटरांची वाट गडप झालेली असते. लवाजम्याबरोबर दिवसाला पाच-सहा कोस धरले, तरी दीड महिन्याच्या आतबाहेरचा हा प्रवास. त्यात सातपुडा, नर्मदा आणि विंध्य आडवे.

विंध्याची घडण आपल्याला अनोळखी वाटू नये. तो सह्याद्रीसारखाच एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला पठार असा डोंगर आहे. कोकणातून पाहिले तर सह्याद्री भिंत दिसतो, देशावरून पाहिले तर तो डोंगर आहे हेच कळत नाही. तसेच निमाडातून पाहिले तर विंध्य भिंत, आणि माळव्यातून पाहिले तर काहीच नाही. दोन्हीकडे तोच लाव्हारसाचा काळा दगड, वयाने साडेसहा कोटी वर्षांच्या घरातला. महेश्वरला नर्मदा समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांच्या आसपास वाहते, उज्जैन पाचशेला टेकलेले. कड्याजवळच्या जानापाव टेकडीवर चंबळ उगम पावते आणि नर्मदा हाकेच्या अंतरावर असल्यासारखी असूनही तिच्याकडे पाठ फिरवून थेट यमुनेकडे निघून जाते. म्हणजे दक्षिणेकडून येणाऱ्याला सगळा चढ एका दमात घ्यावा लागतो, आणि तो संपला की उत्तरेकडे उतारच उतार.

ही वाट मराठ्यांहून फार जुनी आहे. पाली सुत्तनिपातात गोदावरीकाठच्या बावरी ब्राह्मणाचे सोळा शिष्य बुद्धाला भेटायला निघतात, त्यांचे मुक्काम क्रमाने दिले आहेत: प्रतिष्ठान, महिष्मती, उज्जयिनी, पुढे विदिशा, कौशांबी, श्रावस्ती. प्रतिष्ठान म्हणजे पैठण, आणि महिष्मती म्हणजे बहुतेकांच्या मते आपले महेश्वर. पैठणहून दुसऱ्या दिशेला गेले, की नाणेघाट. तिथे सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. उज्जैनचा माल कोकणच्या बंदरांत उतरायचा, तर या साखळीतल्या प्रत्येक खिंडीतून माणसाच्या आणि बैलाच्या पायांनीच.

मराठ्यांच्या माळव्यातल्या इतिहासाचे दारही एका घाटातच आहे. 1728च्या नोव्हेंबरात चिमाजी आप्पा नर्मदा ओलांडून आले. बरोबर उदाजी पवार, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे. सुभेदार गिरधर बहादूर अमझेऱ्याजवळची खिंड रोखून बसला होता. मराठी फौज मांडूच्या बाजूच्या घाटाने वर चढली आणि 29 नोव्हेंबरला त्याच्यावर येऊन आदळली. गिरधर बहादूर आणि त्याचा भाऊबंद दया बहादूर दोघेही पडले. सीतामऊच्या रघुबीरसिंहांनी ‘मालवा इन ट्रान्झिशन’मध्ये या मोहिमेचा जो माग काढला आहे, तो प्रत्येक मराठी घराने वाचावा असा आहे. लढाई अमझेऱ्याला झाली खरी, पण ती जिंकली गेली कुठला घाट मोकळा आहे हे ठाऊक असण्यात. उज्जैनला पडलेला पहिला वेढा मात्र फसला, हेही विसरू नये.

फौजेची गोष्ट लिहिली गेली. फौजेमागून आलेल्यांची गेली नाही. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळाचे देऊळ पुन्हा उभारले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कामासाठी, पूजेसाठी, हिशेबासाठी जे कारकून, भिक्षुक, आचारी, शिलेदारांच्या घरच्या बायका आणि पोरे आली, ती घोड्यावरून आली नव्हती. आपल्या बहुतेकांचे पूर्वज यांतलेच. दिवाणखान्यात तलवार टांगली म्हणून मूळ पुरुष स्वार ठरत नाही. हे ऐकून काही वडीलधारे रागावतील, पण मला त्यात कमीपणा दिसत नाही.

अशा चालत आलेल्या माणसाने स्वतः लिहिलेला एक वृत्तांत आपल्यापाशी आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. कर्जाने गांजलेले भिक्षुक. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून 1857 साली काका रामभट यांच्याबरोबर हिंदुस्थानात निघाले. सातपुडा ओलांडून महूच्या अलीकडे पोचतात तो शिपायांकडून पुढच्या बंडाची कुणकुण लागते. पुढे उज्जैन, धार, ग्वाल्हेर, आणि झाशीचा वेढा. ‘माझा प्रवास’ आपण झाशीच्या राणीसाठी वाचतो. एकदा ते पुस्तक पायांसाठी वाचून पाहा. कुठे मुक्काम, कोणाचा आधार, कशाची भीती, सोवळ्याचे काय, पैसा कुठे लपवायचा. चालणाऱ्याला पडणारे सगळे प्रश्न तिथे आहेत. चिंतामणराव वैद्यांनी ते 1907 साली संपादून छापले, आणि दत्तो वामन पोतदारांनी मूळ पाठ 1966मध्ये प्रसिद्ध केला, म्हणून ते वाचले. आपल्या घरांतले असे किती विष्णुभट न लिहिता गेले असतील!

मग आगगाडी आली. बोरघाट 1863ला फुटला, थळघाट 1865ला. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले आणि 1870च्या दशकात खंडव्याहून इंदूरला रूळ चढले. कालाकुंड ते पातालपाणी हा त्यातला घाट. त्यानंतर माळव्यात आलेली मराठी माणसे बसून आली. कोकणातल्या आंबडवे गावचे मूळ असलेले सुभेदार रामजी सकपाळ महूच्या छावणीत होते, आणि तिथेच 14 एप्रिल 1891ला भीमरावांचा जन्म झाला. ‘माळव्यातली मराठी घराणी’ अशी यादी करताना आपण वाड्यांपाशी थांबतो. महूची छावणीही याच कड्यावर आहे, एवढे ध्यानात असावे.

आता आपल्या घरांतली मुले सायकली घेऊन मनालीहून लेहला जातात. रोहतांग 3,978 मीटर, पुढे बारालाचा, तांगलांग, आणि शेवटी खारदुंग ला. तिथल्या पाटीवर अनेक वर्षे 18,380 फूट लिहिलेले होते. खरी मोजणी 5,359 मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर. मुलांना हा फरक तोंडपाठ असतो. मला त्यांचे कौतुक आहे. काकासाहेब कालेलकर 1912मध्ये हिमालयात पायी हिंडले, त्यांच्याच जातीची ही हौस. पण आपला खापरपणजा कोणत्या घाटाने वर आला, हे त्याच मुलांना विचारा. आणि त्यांच्या आधी स्वतःला विचारा.

उत्तर शोधायला लडाखइतके सामान लागत नाही. महू आणि मंडलेश्वर यांच्यामधल्या जाम घाटात अहिल्याबाईंनी 1791 साली बांधलेला दरवाजा आहे. लोक तिथे मोटारीने इंदूरकडून जातात, फोटो काढतात, परततात. त्याने घाट कळत नाही, कारण तुम्ही वरून आलेले असता. सायकल बसवर टाकून आधी महेश्वरला उतरा, रात्र तिथे काढा, आणि पहाटे दक्षिणेकडून चढायला लागा. पावसाळ्यात नको. दसऱ्याचे सीमोल्लंघन ही नुसती रीत नव्हती. नर्मदेचे पाणी ओसरल्याशिवाय आणि काळी माती सुकल्याशिवाय फौजेला काय, भिक्षुकालाही हलता येत नसे. कार्तिक-मार्गशीर्ष बरा.

चढावर सायकलीचा वेग माणसाच्या चालीइतका होतो, आणि बरेचदा उतरून ती ढकलावीच लागते. हाच तिचा गुण. डांबरी रस्ता चढ सोसवेल अशा बेताने वळणे घेतो. पायवाट आणि लमाणांचे बैल सरळ सोंडेवर चढतात, जिथे प्यायला पाणी आहे तिथे थांबतात. ढकलत निघालात, की ओढ्याकाठची सपाट जागा, झाडाखालचा शेंदूर फासलेला दगड, मध्येच सुटलेली पाऊलवाट हे सारे दिसायला लागते. सोबतीला वडिलांच्या कागदांतली मुक्कामांची नावे असतील तर ती काढून ठेवा. नसतील तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा, नवस कुठल्या कुठल्या गावच्या देवांना बोलले जात असत. पुरुषांनी सनदा जपल्या, वाटेवरचे देव बायकांनी जपले.

दरवाज्यात पोचलात की मागे वळून निमाड पाहा. सकाळपासून चढलेली पाचेकशे मीटरांची भिंत पायाखाली असते. तिथून उज्जैन शंभरेक किलोमीटर. त्या काळच्या चालीने पाच-सहा मुक्काम, आणि चढ एकही नाही.