ऐंशी रुपये आणि एक सल्ला



फाल्गुन संपत आला की आमच्या तळोद्याच्या घराची गच्ची पापडांनी भरते. होळीनंतरचं खानदेशातलं ऊन म्हणजे काही विचारू नका. सकाळी लाटलेला पापड दुपारपर्यंत कडक. माझी धाकटी जाऊ गेली तीन वर्षं उडदाचे पापड आणि खाखरे करून विकते. आधी नात्यातल्या चार घरांना द्यायची, मग स्थानकात येणाऱ्या बायका मागू लागल्या, आता नंदुरबार आणि शहाद्याची दोन-तीन दुकानंही घेतात.

यंदा एका मोठ्या गावचा व्यापारी घरी आला. म्हणाला, "वहिनी, महिन्याला पन्नास किलो उचलतो. फक्त दोन प्रतीचा माल करा. एक हा असाच, आणि दुसरा थोडा स्वस्तातला. उडदात दुसरं पीठ घाला, लाटल्यावर कुणाला ओळखू येतं? नाव आणि पाकीट तेच ठेवा."

तो गेला आणि घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. तिचा सुरतचा भाऊ फोनवर म्हणाला, कर्ज काढ आणि मशीन घे. दीर म्हणाले, आलेली ऑर्डर सोडू नकोस. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाईमाणसाने इतका व्याप करू नये. आणि रात्री भांडी आवरताना जाऊ मला म्हणाली, "भाभी, तुम्ही सांगा ना. कुणाचं ऐकू?"

मी लगेच काही बोलले नाही, त्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी मी स्वतः गरम मसाला आणि मेतकूट करून विकत असे. नात्यातल्याच एका मोठ्या माणसाने सांगितलं की सगळा माल एका ठोक दुकानदाराला उधारीवर दे, तो हंगामाला पैसे चुकते करील. वडीलधारं माणूस सांगतंय म्हणून मी दिला. हंगाम गेला, दिवाळी गेली, पैसे काही आले नाहीत. त्या व्यवहारात सल्ला देणाऱ्याचं कमिशन होतं, हे मला फार उशिरा कळलं. माझा धंदा तिथेच बसला. त्या माणसाबद्दल आता मनात राग नाही, दरवर्षी संवत्सरीला खमवून घेतलं आहे. पण सल्ला कुणाकडून घ्यावा हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे. म्हणून या वेळी मी जावेला उत्तर देण्याआधी थोडं मागे जाऊन पाहिलं, आपल्या आधीच्या लोकांनी काय केलं ते.

सुरुवात आपल्या गावापासून करते. आज तळोदा म्हटलं की केळी, पपई आणि ऊस डोळ्यांसमोर येतात. पण इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये तळोद्याची ओळख वेगळी आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव तेव्हा खानदेशातला लाकडाचा सर्वांत मोठा बाजार होतं. रोशा गवताचं तेल आणि धान्य यांचाही इथे व्यापार चाले. खानदेशातल्या उत्तम बैलगाड्या इथेच बनत आणि एकेक गाडी ४० रुपयांच्या आसपास जाई. नगरपालिका तर १८६७ सालची.

आता गंमत पाहा. आपल्या सातव्या व्रताच्या अतिचारांत पंधरा कर्मादानं येतात. प्रतिक्रमणात आपण ती म्हणतो, पण अर्थाकडे लक्ष किती जणींचं असतं? त्यांत वनकर्म आहे, म्हणजे जंगल तोडून विकण्याचा धंदा. शकटकर्म आहे, म्हणजे गाड्या बनवून विकण्याचा धंदा. म्हणजे ज्या गावात श्रावकाने दुकान मांडायचं, त्या गावचे नावाजलेले धंदेच श्रावकाने टाळायच्या यादीत! कोणता धंदा जोरात चालतो हे बाजार सांगतो. कोणता करू नये हे सांगणारं मात्र दुसरं कुणी लागतं.

जुन्या काळी असा सांगणारा कोण होता? उपासकदशांग सूत्रातला आनंद श्रावक आठवा. वाणिज्यग्रामातला मोठा गृहस्थ. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात, शिवाय दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळं. त्याच्याबद्दल सूत्रात सांगितलंय की राजे, सरदार, व्यापारी सगळे त्याला विचारायला येत. कामाचं असो, कुटुंबातलं असो, गुपित असो. सूत्राने त्याला मेढी म्हटलं आहे. मेढी म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, ज्याच्याभोवती बैल फिरतात आणि मळणी होते. खांब स्वतः दाणे खात नाही आणि जागाही सोडत नाही.

या आनंदाने भगवान महावीरांकडून श्रावकाची व्रतं घेतली आणि आपल्या धनाला, जमिनीला, गाड्यांना मर्यादा घातली. याच्यापुढे नको, एवढं पुरे. घरी आल्यावर पत्नी शिवानंदेला त्याने काय सांगितलं? मी घेतली म्हणून तूही घे, असं नाही. तू स्वतः जा, भगवंतांचं ऐक आणि व्रतं घे, असं सांगितलं. ती गेली, तिने ऐकलं आणि मग घेतली. मला ही गोष्ट फार आवडते. ज्याने आपल्या लोभाला कुंपण घातलंय तोच दुसऱ्याला निर्मळ मनाने सांगू शकतो. आणि चांगला सांगणारा समोरच्याला स्वतः जाऊन पाहायला लावतो.

आता तिथून थेट आपल्या पापडांकडे येते, कारण जावेचा प्रश्न जसाच्या तसा मुंबईत १९५९ च्या सुमारास पडून गेला आहे.

गिरगावात लोहाणा निवास नावाच्या इमारती आहेत. तिथे राहणाऱ्या सात गुजराती गृहिणींनी १५ मार्च १९५९ रोजी गच्चीवर बसून पापड लाटले. त्यांत जसवंतीबेन पोपट होत्या. शिक्षण बेताचं, हातात कला एकच, स्वयंपाकाची. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ती विकायला दिली. पुढे जो लिज्जत पापड आपण सगळ्या ओळखतो, त्याची ही सुरुवात.

ते ८० रुपये दिले छगनलाल करमसी पारेख यांनी. भारत सेवक समाजाचे ते सदस्य, सगळे त्यांना छगनबापा म्हणत. बापांनी पैसे दिले ते उसने म्हणून. आणि बायकांनीही सुरुवातीलाच ठरवलं होतं की तोटा आला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही.

आता पुढचं ऐका. या बायकाही सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करत होत्या. एक चांगला, एक कमी प्रतीचा, स्वस्तात विकायला. छगनबापांनी सांगितलं, एकच पापड करा, एकाच दर्जाचा, आणि दर्जात कधीही तडजोड करू नका. दुसरं सांगितलं, हा धंदा आहे, धंद्यासारखा चालवा आणि हिशेब चोख ठेवा. बस, एवढंच.

विचार करा, त्या वेळी हा सल्ला किती जड गेला असेल. स्वस्त माल बंद म्हणजे तेवढं गिऱ्हाईक तुटलं. रोज संध्याकाळी वही घेऊन बसायचं म्हणजे घरकामात आणखी एक काम. पण त्यांनी ऐकलं. तीन महिन्यांत पंचवीसेक बायका आल्या. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. तुटलेले पापड विकले नाहीत, शेजारीपाजारी वाटून टाकले. पावसाळ्यात चार महिने काम बंद पडलं, कारण पापड वाळेनात. आपल्या घरी चातुर्मासात जीवोत्पत्तीमुळे पापड बंदच असतात, त्यामुळे हे वाचताना मला हसू आलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. असल्या युक्तीला कुणाचा सल्ला लागत नाही, रोज हात पिठात असला की ती सुचते.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढून पाहिली, ती चालली नाही. तरी १९६२-६३ मध्ये विक्री १ लाख ८२ हजारांवर गेली. १९६६ च्या जुलैमध्ये संस्था नोंदवली गेली. बापांच्या शिफारशीवरून खादी ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्ष उ. न. ढेबर स्वतः काम पाहून गेले आणि सप्टेंबरमध्ये आयोगाची मान्यता मिळाली. सात वर्षांच्या चोख वह्या दाखवायला होत्या म्हणून मान्यता मिळणं सोपं गेलं असेल, असं मला वाटतं. १९६८ मध्ये महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा निघाली ती वालोडला. नवापूर ओलांडून व्यारा, त्याच्या पुढे वालोड. आपल्यापासून किती जवळ! आणि २०२१ मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या.

आपल्या खानदेशातलं उदाहरण हवं असेल तर भवरलाल जैन यांचं घ्या. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी समोर आली होती, पण आईने सांगितलं की नोकरीपेक्षा धंदा कर, ज्यात आणखी चार जणांचं भलं होईल. १९६३ मध्ये घराण्याची ७,००० रुपयांची पुंजी घेऊन त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे पपईच्या चिकापासून पपेन, मग पाइप, मग ठिबक. नव्वदीच्या दशकात मात्र शेती सोडून भलत्याच धंद्यांत पाय टाकला आणि मोठा फटका बसला. मग ते पुन्हा शेतीकडे वळले आणि तिथेच सावरले. पुंजी सगळ्या घराची होती. बुडाली असती तर आईचंही घर बुडालं असतं, तरी तिने सांगितलं. अशा सल्ल्याला वजन असतं.

हे सगळं मी जावेला आणि सासूबाईंना एका दुपारी सांगितलं. सासूबाई पाटावर पापड लाटत होत्या. त्यांनी हात न थांबवता एकच विचारलं, "तो व्यापारी सांगतोय तसं केलं, आणि माल खराब म्हणून परत आला, तर कुणाच्या दारात येईल?"

आम्ही दोघी गप्प. माल आमच्याच दारात येणार होता. नफा त्याचा आणि नाव जाणार आमचं. मला माझा जुना उधारीचा सल्ला आठवला. तिथेही हेच होतं, कमिशन त्यांचं आणि बुडीत माझी. छगनबापांचं उलट होतं. पापड खपले तर त्यांना नफ्यात काही मिळणार नव्हतं, आणि नाही खपले तर त्यांचे ८० रुपये अडकणार होते. ज्याला नफ्यात वाटा नाही पण तोट्याची झळ लागते, असा माणूस शोधावा. त्याचं बोलणं कडू लागलं तरी ऐकावं. सुरतच्या भावाचं मशीनही याच तराजूत घातलं. हप्ते कोण भरणार, तो की ती?

शेजारच्या काकूंचं म्हणणं मात्र आम्ही मोजलंच नाही, कारण त्यांना ना नफा ना तोटा. नुसती सवय बोलत होती.

शिवाय आपल्या तिसऱ्या व्रताच्या अतिचारांत तत्प्रतिरूपक व्यवहार आहेच. चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळून विकणं. दोन प्रती उघडपणे वेगळ्या नावाने विकल्या तर गोष्ट वेगळी. त्याच नावाने, त्याच पाकिटात विकणं म्हणजे सरळ अदत्तादान. हे जावेच्या लक्षात माझ्याही आधी आलं होतं. तिला फक्त कुणीतरी सोबत उभं राहायला हवं होतं.

तिने व्यापाऱ्याला फोन केला. "भाऊ, पापड एकच मिळेल. उडदाचा." तो नाराज झाला. पन्नास किलोंची ऑर्डर गेली. महिन्याभराने त्याचाच माणूस येऊन बारा किलो घेऊन गेला, चांगल्या प्रतीचे, रोख पैसे देऊन. पुढे तो येईल की नाही माहीत नाही. पन्नासच्या जागी बारा, हा तोटाच आहे, उगीच गोड करून सांगत नाही. त्या पैशांतून तिला मुलीच्या क्लासची फी भरायची होती, ती आता दोन हप्त्यांत भरायची ठरली आहे.

पण आखाजीला तिने एक नवी वही आणली. घराच्या खर्चात मिसळलेला पापडाचा हिशेब पहिल्यांदा वेगळा मांडला. त्यात कळलं की खाखऱ्यात पापडापेक्षा जास्त सुटतं आणि ते पावसाळ्यातही चालतात. चातुर्मासात आता खाखऱ्यांवरच भर द्यायचा विचार आहे. हे तिला कुणी सांगितलं नाही, वहीने सांगितलं.

आणि मी? मी माझीही जुनी वही माळ्यावरून काढली. बुडालेल्या उधारीच्या पानापर्यंत वाचली आणि मिटून ठेवली. मेतकूट पुन्हा करावं का, हे या वेळी सासूबाईंना विचारणार आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.