मोटारीला विमानाचें रूप

उरणजवळच्या करंजा बंदरांत नाखवा नव्या होडीचें निमुळतें टोक पारखतो, तेव्हां तें लाट कशी कापील एवढेंच तो पाहतो. तेथें रूप हें गरजेचें अपत्य आहे. मोटारींच्या इतिहासांत मात्र सर्वदा तसें घडलें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांतील पी-३८ विमानाची जोडशेपटी पाहून अमेरिकन शिल्पी हार्ले अर्ल यांनीं १९४८ च्या कॅडिलॅक मोटारीला मागें इवलेसे पंख बसविले. १९५४ च्या प्रदर्शनांत त्यांची ‘फायरबर्ड’ आली; ती तर चाकांवरचें जेट विमानच होती.

या परंपरेचा कळस सप्टेंबर २००७ मध्यें फ्रांकफुर्ट येथें दिसला. इटलीच्या लांबोर्गिनी कारखान्यानें ‘रेवेन्तोन’ मांडली. विक्रीसाठीं अवघ्या २०, संग्रहालयासाठीं १. किंमत करांखेरीज १० लक्ष युरो. निस्तेज करडा रंग, कार्बन-तंतूंचें अंग, आणि चालकापुढें विमानांतल्यासारखे पडदे. वळणावर गाडीवर किती जोर येतो तेंहि त्यांवर उमटे. एफ-२२ या लढाऊ विमानाशीं तिचें साम्य सर्वांच्या मुखीं झालें.

परंतु विमानाचे ते कोन रडारच्या लहरी शत्रूकडे परतूं नयेत म्हणून योजलेले. मोटारीला असा शत्रू कोठला? आंतील १२ सिलिंडरांचें यंत्र तर पूर्वीच्या ‘मुर्सिएलागो’चेंच होतें. म्हणजे धनिकांनीं विकत घेतला तो नवा वेग नव्हे, तें नवें रूप होय. तलवारीच्या मुठीला रत्नें जडविणाऱ्या मानवाची ही जुनीच खोड आहे: रणांत ज्याचें भय वाटतें, तेंच शांततेंत भूषण म्हणून मिरवावयाचें.