महाराणी ताराबाई : कैद भोगलेली आणि कैद घडविणारी

दरवर्षी १२ जानेवारीला आमच्या चिखलीतून अनेकजण जिजाऊंच्या जन्मगावी, सिंदखेडराजास जातात. याच तारखेला, १७०८ साली, साताऱ्यात शाहूमहाराजांचा राज्याभिषेक झाला आणि जिजाऊंच्या नातसुनेचा, महाराणी ताराबाईंचा, हक्क मागे पडला. त्या नातसुनेची कहाणी येथे सांगावी, असे आम्हांस वाटते.

ताराबाई या सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या. १७०० साली पती राजाराममहाराज निवर्तले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. बाल शिवाजीस गादीवर बसवून त्यांनी सात वर्षे औरंगजेबाच्या फौजांशी झुंज दिली. १७०७ मध्ये बादशहा वारला, मोगलांच्या कैदेतून शाहू सुटून आले आणि एका गादीवर दोन हक्क उभे राहिले. ताराबाईंनी आपले राज्य कोल्हापूरकडे वेगळे मांडले. परंतु १७१४ साली सवत राजसबाई यांच्या पक्षाने त्यांना मुलासह पन्हाळ्यावर कैद केले. त्या कैदेतच मुलाचा अंत झाला. पुढे शाहूंनी त्यांना साताऱ्यास आणून नजरकैदेत ठेवले.

इंग्लंडच्या गादीवर हक्क पोहोचणारी ब्रिटनीची राजकन्या एलिनॉर हिनेही १२०२ पासून १२४१ पर्यंत, मरेतो, बंदिवास भोगला. तिच्याविषयी नुसती कणव वाटते. ताराबाईंपाशी मात्र आम्हांस थबकावे लागते.

१७४९ मध्ये शाहू निवर्तले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेला रामराजा छत्रपती झाला. पेशव्यांना दूर करण्यास तो तयार होईना, तेव्हा २४ नोव्हेंबर १७५० रोजी पंचाहत्तरीच्या या आजीने त्यास साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. १७५२ मध्ये तर जेजुरीस शपथ घेऊन, तो आपला नातूच नव्हे, असे त्यांनी सांगितले. डिसेंबर १७६१ मध्ये त्या वारल्या, तोवर त्याची सुटका झाली नाही.

यामुळे त्यांचे शौर्य उणे ठरत नाही. त्या सात वर्षांचे ऋण महाराष्ट्रावर आहेच. पण ज्या मातेने कैदेत पुत्र गमावला, तिनेच दुसऱ्या तरुणास कैदेत टाकावे, हे पाहून मन विषण्ण होते. सोसलेले दुःख माणसाला आपोआप दयाळू करीत नाही. सासुरवास भोगलेली स्त्री सासू झाल्यावर तोच सुनेला देते, हे आपण आपल्या घरांतही पाहतो. आपण जे सोसले ते आपल्यापाशीच थांबावे, असे प्रत्येकाला ठरवावे लागते. त्यासाठी लागणारे धैर्य रणांगणावरील धैर्याहून निराळे असते.